कुठवर ठीक आहे?

साताऱ्यातल्या एका जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी होते अण्णा. सगळी नोकरी बँकेत झालेली, अक्षर वळणदार, आणि हिशेबात रुपया इकडचा तिकडे झाला तर जेवण गोड लागू नये असा स्वभाव. सोसायटीचं दप्तर त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर असे. कॉम्प्युटर दहा वर्षांचा, पण ठणठणीत. अडचण एवढीच होती की विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते, आणि विंडोज ११ ला जी टीपीएम २.० ची सोय आणि जो नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यातलं काहीच या पेटीत नव्हतं. चालतं यंत्र भंगारात घालायला अण्णांचं मन होईना. शेवटी इंजिनिअरिंगला असलेल्या नातवानं, ओंकारनं, त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं.

यंत्र पहिल्यापेक्षा चपळ झालं. अडलं एकाच ठिकाणी. राउटर हॉलमध्ये आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत, म्हणून ओंकारनं बाजारातून बोटाच्या पेराएवढा वाय-फाय डोंगल आणला, यूएसबीत खोचला, आणि काहीच झालं नाही. वाय-फायची खूणच पडद्यावर उमटेना.

त्याच सुमाराला दुसरा घोळ निघाला. लेखापरीक्षकाला सरत्या वर्षाचा हिशेब द्यायचा होता. अण्णांनी वर्षभराची व्हाउचरं कॉम्प्युटरवर चढवली, बेरीज मांडली, आणि पत्र्याच्या कॅशबॉक्समधली रोकड हिशेबापेक्षा ४,५०० रुपयांनी कमी भरली. बेरीज परत परत करून पाहिली. फरक हलेना.

काही बिघडलं की माणूस आधी त्याचा धनी शोधतो. डोंगलला धनी पुष्कळ मिळाले. ओंकार म्हणाला, दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला. दुकानदार म्हणाला, लिनक्स घातलंय ना, मग आता निस्तरा. अण्णांच्या पत्नी माई म्हणाल्या, चांगलं चाललं होतं त्यात हात घालायला कुणी सांगितलं होतं? वरच्या मजल्यावरचे देसाई सर स्वतः लिनक्स वापरणारे. ते म्हणाले, "माझ्याकडे हाच डोंगल आहे, अगदी हेच खोकं. लावला आणि लागला. तुमचं मशीनच म्हातारं झालंय."

हिशेबाला मात्र धनी एकच मिळाला, वॉचमन बाळू. उन्हाळ्यात टाकीला पाणी कमी पडलं की टँकर मागवावे लागत. अण्णा रोख पैसे बाळूच्या हातात देत, बाळू टँकरवाल्याला देऊन पावती आणत असे. अण्णांखेरीज रोकडीला हात लागायचा तो त्याचाच. कमिटीत कुणी मोठ्यानं काही बोललं नाही. फक्त पंपाच्या खोलीची किल्ली बाळूकडून काढून घेतली गेली, "कुलूप बदलायचंय" असं सांगून. नवं कुलूप काही आलं नाही. बाळूनंही त्याची चौकशी केली नाही.

ओंकार डोंगलच्या मागे हात धुऊन लागला. खोक्यावरचं नाव टाकून इंटरनेटवर जे जे सापडलं ते ते त्यानं टर्मिनलमध्ये चिकटवलं. मोबाइल वायरनं जोडला की त्याचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळत होतं, त्यामुळे उतरवून घ्यायला आडकाठी नव्हती. कुठलासा ड्रायव्हर आणला, तो कंपाइल होता होता मध्येच अडला. मग दुसरा आणला. रात्र संपेपर्यंत इतक्या कमांड देऊन झाल्या की कुठली कशासाठी होती हे त्यालाच सांगता येईना. सकाळी डोंगल होता तसाच मख्ख.

तळमजल्यावर तात्या राहत. ते टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागलेले. २००० साली बीएसएनएल झालं, तेही त्यांनी पाहिलं, आणि ३१ जानेवारी २०२० ला हजारो सहकाऱ्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध पुण्यातल्या लेकीशी व्हिडिओवर बोलण्यापुरता. मेंटेनन्सची पावती न्यायला ते वर आले होते. ओंकारचे तारवटलेले डोळे बघून खुर्चीवर टेकले.

"काय झालंय रे?"

"वाय-फाय चालत नाही, तात्या."

"हे झालं गाऱ्हाणं. कुठवर ठीक आहे?"

ओंकारला प्रश्नच कळला नाही. तात्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हे बघ. फोन डेड आहे, अशी तक्रार यायची. आता एक्स्चेंजपासून घरापर्यंत काही एकसलग तार नसते. एक्स्चेंजातला एमडीएफ, तिथून केबल रस्त्याकडेच्या कॅबिनेटला, मग पिलर, मग खांबावरची डीपी, डीपीपासून घरापर्यंत ड्रॉप वायर, आत रोझेट आणि शेवटी फोन. घरमालक म्हणायचा एक्स्चेंज बोगस. एक्स्चेंजवाले म्हणायचे घरातलं वायरिंग सडलंय. मी दोघांचं ऐकून घ्यायचो आणि मधल्या डीपीवर जायचो. तिथं टेस्टिंगचा फोन लावायचा. टोन मिळाला की एक्स्चेंजपासून तिथवरचं सगळं माफ. उरलेल्याचा परत मध्य धरायचा. चुकलं कोण, हे मी नोकरीत कधी शोधलं नाही. जागा सापडली की ते आपोआप कळायचं. आणि पुष्कळदा तिथं माणूस नसायचाच, गंजलेला जोड असायचा."

"पण तुम्हाला लिनक्स..."

"मला काही येत नाही. मी विचारतो, तू करून दाखव. आणि कागद घे. जे माफ होईल ते लिहीत जा."

ओंकारनं वही उघडली. तात्यांनी डोंगल हातात घेऊन उलटसुलट केला. "हा मेलाय का?"

ओंकारच्या लॅपटॉपवर विंडोज होतं. डोंगल त्याला लावला. क्षणभरात ड्रायव्हर बसवण्याची खिडकी उघडली, दोन बटणं दाबली आणि वाय-फाय सुरू.

"डोंगल माफ. दुकानदारही माफ, तेही लिही. हे भोक ठीक आहे का?"

कॉम्प्युटरच्या त्याच यूएसबीत पेन ड्राइव्ह लावला. माईंचे भजनांचे फोल्डर लगेच दिसले. पोर्ट माफ. मोबाइल वायरनं जोडला, ब्राउझर उघडला, बातम्या आल्या. इंटरनेटचं वरचं सगळं माफ. मग तात्यांनी देसाई सरांना त्यांच्या डोंगलसकट खाली बोलावलं. तो लावताच घरोघरच्या वाय-फायची नावं पडद्यावर ओळीनं हजर झाली.

"मशीन माफ, लिनक्सपण माफ," तात्या म्हणाले. देसाई सरांनी घसा साफ केला.

ओंकार आता खरोखर गोंधळला. "डोंगल चांगला, मशीन चांगलं. मग दोष कुणाचा?"

"परत कुणाचा? दोन्ही टोकं ठीक आहेत म्हटल्यावर मधला जोड बघायचा. या मशीनला हा डोंगल दिसतो का? दिसत असेल तर कोण म्हणून दिसतो?"

हे विचारायला एक साधी कमांड असते, एलएसयूएसबी. जोडलेल्या प्रत्येक वस्तूची ती एक ओळ देते. तिच्यात दोन क्रमांक असतात, पहिला बनवणाऱ्याचा आणि दुसरा वस्तूचा. देसाई सरांच्या डोंगलची ओळ आली ०सीएफ३:९२७१, म्हणजे अथेरॉसची चिप. अण्णांच्या डोंगलची आली ०बीडीए:१ए२बी, म्हणजे चिप रिअलटेकची. खोकं तेच, नाव तेच, आतली वस्तू निराळी. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा होता, तो दोघांचा वेगळा निघाला. नाव कायम ठेवून आतली चिप बदलणं या बाजारात नेहमीचंच. म्हणजे ओंकारनं रात्रभर खोक्यावरचं नाव टाकून जे उपाय शोधले, त्यातले निम्मे दुसऱ्याच चिपचे होते.

पण खरी गंमत त्या ओळीच्या शेवटी होती. तिथं लिहिलं होतं, 'ड्रायव्हर सीडीरॉम मोड'.

"तात्या, हा स्वतःला सीडी म्हणवतोय!"

त्याच कमांडला पुढे टी जोडून विचारलं, तर कुठल्या वस्तूला कुठला ड्रायव्हर लागलाय ते झाडासारखं मांडून दिसतं. डोंगलपुढे होतं 'यूएसबी-स्टोरेज', म्हणजे साठवणीची वस्तू.

"ते सीडीचं चित्र तर रोज येतंय की खाली कोपऱ्यात," माई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "मला वाटलं, असेल काहीतरी लिनक्सचं."

ते चित्र पहिल्या दिवसापासून येत होतं. सोबत एक खिडकी उघडायची आणि ओंकार ती दर वेळी न वाचता बंद करायचा.

कारण सरळ होतं. अशा डोंगलबरोबर ड्रायव्हरची वेगळी सीडी द्यायला नको म्हणून विंडोजचा ड्रायव्हर डोंगलच्याच पोटात ठेवलेला असतो. लावल्यावर तो आधी सीडी म्हणून पुढे येतो. विंडोज त्यातून ड्रायव्हर उचलतं, आणि मग डोंगलला सांगतं की आता वाय-फाय हो. लिनक्सला त्या सीडीची गरज नसते. कित्येक मशीनवर हा बदल आपोआप होतो, या मशीनवर होत नव्हता. डोंगलनं सांगितलं मी सीडी, लिनक्सनं ते मानलं आणि सीडीसारखं वागवलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

ओंकारनं सीडीच्या चित्रावर उजवं बटण दाबून 'इजेक्ट' निवडलं. चित्र गेलं. पुन्हा एलएसयूएसबी दिलं. आता क्रमांक होता ०बीडीए:सी८११. सीडी गेली आणि वाय-फायची वस्तू समोर आली. पण नेटवर्कची नावं अजून येईनात.

ओंकारचा चेहरा पडला. तात्या मात्र खूष. "अरे, एक जोड पुढं सरकलो की. आता कुठवर ठीक आहे?"

"दिसतोय. खऱ्या नावानं दिसतोय. पण त्याला ड्रायव्हर लागलेला नाही."

"ड्रायव्हर आहे का घरात?"

असायला हवा होता. या जातीच्या चिपचा ड्रायव्हर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतो, आणि अण्णांच्या मशीनवर कर्नल ६.८ होता. मग ओंकारनं ड्रायव्हर चढवणाऱ्या मोडप्रोबच्या सेटिंगचं फोल्डर उघडलं. त्यात एक फाइल होती, तारीख त्या जागरणाच्या रात्रीची. आत एकच ओळ, ब्लॅकलिस्ट, आणि पुढे कर्नलच्या त्याच ड्रायव्हरचं नाव. बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरनं बसण्याआधी घरच्या ड्रायव्हरला मज्जाव करून ठेवला होता, दोघांची टक्कर नको म्हणून. पुढे बाहेरचा मध्येच अडला आणि घरच्याला घातलेली बंदी तशीच राहिली.

ओंकार खाली मान घालून म्हणाला, "हे मीच..."

"कुणी केलं ते मी विचारलंच नाही," तात्या म्हणाले. "कुठं आहे ते सापडलं ना? काढ."

फाइल काढली, ड्रायव्हरला नावानं बोलावलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण उमटली. अण्णांनी स्वतःच्या हातानं पासवर्ड घातला. देसाई सरांनी टाळी दिली. तात्या जागचे हलले नाहीत. "बंद करून परत चालू कर. दुरुस्ती केली म्हणून लाइन चालू झाली असं नसतं. दुसऱ्या दिवशी टोन आला तर खरं."

त्यांचं म्हणणं पटलं. मशीन पुन्हा चालू झालं आणि डोंगल पुन्हा सीडी होऊन बसला. तेव्हा ओंकारनं यूडेव्हच्या नियमांत एक ओळ घातली, की या क्रमांकाची वस्तू लागली की यूएसबी-मोडस्विचनं तिला लगेच वाय-फाय करायचं. परत बंद, परत चालू. या वेळी कुणी काही न करता वाय-फाय लागलं. तात्यांनी ती ओळ आणि दोन्ही क्रमांक ओंकारकडून वहीत लिहून घेतले, तारखेसकट. जागरणाच्या रात्री दिलेल्या कमांडपैकी एकीचीही नोंद नव्हती, म्हणून तर ती फाइल शोधावी लागली होती.

चहा आला. अण्णा मात्र चहाकडे बघत नव्हते. त्यांनी कपाटातून कॅशबॉक्स काढला, व्हाउचरची फाइल काढली आणि त्याच वहीचं पुढचं पान उलटलं.

सोसायटीत एक चांगली जुनी पद्धत होती. दर तिमाहीच्या शेवटी कमिटीतले दोघे रोकड मोजत आणि रकमेच्या चिठ्ठीवर सही करून ती बॉक्समध्ये ठेवत. अण्णांनी आधी वर्षाची सुरुवात पाहिली. ३१ मार्च २०२४ ची चिठ्ठी आणि हिशेबातली आरंभीची शिल्लक तंतोतंत जुळली. तिथवर ठीक. मग मध्य धरला, ३० सप्टेंबरची चिठ्ठी. रोकड हिशेबापेक्षा ४,५०० नं कमी. म्हणजे शेवटीही तेवढीच तूट आणि मध्यावरही तेवढीच. ऑक्टोबर ते मार्च, अख्खं अर्धं वर्ष माफ. मग ३० जूनची चिठ्ठी. तिथंही ४,५००. जुलै ते सप्टेंबर माफ. उरले तीन महिने.

"चार हजार पाचशे," अण्णा पुटपुटले आणि थांबले. "नवानं भाग जातो."

बँकेत उमेदवारीच्या काळातच त्यांना हे शिकवलेलं होतं. फरकाला नवानं निःशेष भाग गेला, तर कुठंतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते आधी बघावं. हा नियम अण्णांना झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता. पण तो नियम आकड्यांकडे बघणाऱ्याच्या कामाचा. ते इतके दिवस माणसाकडे बघत होते.

मग वेळ लागला नाही. मे महिन्याचं व्हाउचर, टँकर चार, दर १,८००, एकूण ७,२००. टँकरवाल्याची पावती जोडलेली, खाली अण्णांचीच वळणदार सही. कॉम्प्युटरवरच्या हिशेबात त्याच तारखेपुढे चढवलेले २,७००. बेरीज दर वेळी बरोबर येत होती, कारण दर वेळी बेरीज चढवलेल्या आकड्यांचीच होत होती. पैसे देणारा बरोबर, पोचवणारा बरोबर, पावती बरोबर. व्हाउचर आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या जोडात सात आणि दोन यांनी जागा बदलल्या होत्या.

अण्णा त्याच पावली किल्ली घेऊन खाली गेले. गेटपाशी आणखी दोघंतिघं उभे होते, त्यांच्यासमोरच म्हणाले, "बाळू, ही पंपाच्या खोलीची किल्ली. कुलूप बदलायचं नव्हतं. हिशेबात तूट आली, आणि आम्ही तुझ्यावर संशय घेतला. तूट माझ्या लिहिण्यात होती."

बाळूनं किल्ली घेतली. म्हणाला, "अण्णा, टँकर आला की पुढच्या वेळी पैसे तुम्हीच द्या त्याच्या हातात. मी बोलावीन तुम्हाला."

त्यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते शोधलंही नाही. एकदा घेतलेला संशय हिशेबातल्या आकड्यासारखा खोडून दुरुस्त होत नाही. पुढच्या कमिटीच्या सभेत त्यांनी सगळा प्रकार मांडला आणि इतिवृत्तात लिहवला. टँकरचे पैसे यापुढे सेक्रेटरीनं स्वतः द्यायचे असंही ठरलं. शिवाय तात्यांच्या सांगण्यावरून सोसायटीच्या तक्रारवहीत एक रकाना वाढला. आधी तारीख, नाव आणि तक्रार असे तीनच होते. आता 'पाणी येत नाही' असं लिहिणाऱ्याला शेजारच्या रकान्यात हेही भरावं लागतं की टाकीत आहे का, खालच्या मजल्यावर येतंय का, स्वयंपाकघरात येतंय का. पहिल्या महिन्यात लोकांनी कुरकुर केली. पुढं असं दिसू लागलं की तो रकाना भरता भरताच अर्ध्या तक्रारी सुटतात, आणि उरलेल्यांत प्लंबरला कुठं जायचं ते आधी कळतं.

तात्पर्य : काही बिघडलं तर आधी काय शाबूत आहे ते मोजावं. शाबूत भाग बाजूला काढत गेलं की बिघाडाची जागा आपोआप उरते. ज्याला आधी धनी हवा असतो, त्याला जागा सापडत नाही. सापडतो तो जवळ उभा असलेला माणूस.